वैनगंगेच्या काठचे सेवेकरी

नागपूरहून उमरेडमार्गे पवनीला निघालं की वाटेत भिवापूर लागतं. इथली मिरची प्रसिद्ध. तिच्या वाणाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मिरचीचं मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर ती आपल्याकडे आली आणि आता तिला परकी म्हणणारा वेडा ठरेल. भिवापूर मागे टाकून भंडारा जिल्ह्यात शिरलं की पवनी येतं. वैनगंगेच्या काठचं हे गाव तटबंदीचं, खंदकाचं, घाटांचं आणि देवळांचं. जुनी माणसं त्याला विदर्भाची काशी म्हणतात. गावापासून थोड्याच अंतरावर रुयाड आहे. तिथे धानाच्या बांध्यांच्या मधोमध एक भव्य स्तूपाकार विहार उभा आहे. त्याचं नाव महासमाधीभूमी.

दरवर्षी 8 फेब्रुवारीच्या सुमाराला इथे धम्ममहोत्सव भरतो. विदर्भातून, शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधून लोक येतात. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, हातात निळा किंवा पंचरंगी झेंडा. त्यांच्यातच ठळक दिसतात ते जपानहून आलेले भिक्खू आणि उपासक. एकीकडे त्रिशरण-पंचशील पालीतून चालतं, दुसरीकडे जपानी उच्चारातली सूत्रं घुमतात. दोन्हीतलं अक्षरही न कळणारी आजीबाई दोन्हीकडे सारख्याच भक्तीने हात जोडते. बाहेर चहा, भजी आणि पुस्तकांची दुकानं जोरात असतात.

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात जपानी भिक्खू कसे पोचले, या प्रश्नाचं उत्तर शोधू गेलं तर सेवेसाठी परमुलखात जाणाऱ्या माणसांचा एक लांबलचक इतिहासच हाती लागतो. त्यात स्कॉटलंडचे मिशनरी आहेत, क्योतोजवळच्या डोंगरावर वाढलेला विदर्भातला मुलगा आहे आणि पाणवनस्पती ओळखायला म्हाताऱ्या ढिवरांच्या पायाशी बसलेले कार्यकर्तेही आहेत.

आधी थोडं लांबचं. आज ‘मिशन ट्रिप’ म्हटलं की अमेरिकी माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा मध्य अमेरिका येते. होंडुरास, ग्वातेमाला, निकाराग्वा. उन्हाळ्याच्या सुट्टीत चर्चची तरुण मंडळी गटाने जातात, आठ-दहा दिवस राहतात, भिंत रंगवतात, वर्ग बांधतात, दवाखाना चालवतात, एखादा दिवस समुद्रकिनारी घालवतात आणि परत येतात. 1998 च्या ऑक्टोबर अखेरीस ‘मिच’ नावाचं चक्रीवादळ त्या भागावर आलं. मध्य अमेरिकेत दहा हजारांवर माणसं गेली, त्यातली बहुतेक होंडुरास आणि निकाराग्वातली. आपला देश पन्नास वर्षं मागे गेला, असं होंडुरासच्या राष्ट्राध्यक्षांनी तेव्हा सांगितलं होतं. त्यानंतर घरं बांधायला स्वयंसेवकांची रीघ लागली.

कर्ट व्हेर बीक हा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ होंडुरासमध्येच राहत होता आणि स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता. त्याने या घरांचा हिशेब मांडला. स्थानिक ख्रिस्ती संस्थेने बांधलेल्या एका घराला सुमारे दोन हजार डॉलर लागत. परदेशातून येऊन घर बांधणारा एकेक गट प्रवासखर्चासकट सुमारे तीस हजार डॉलर खर्च करी. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात मात्र ते अमेरिकी हातांनी बांधलं की होंडुरासच्या गवंड्याने, याने काही फरक पडल्याचं त्याला आढळलं नाही. आयुष्य पालटून गेलं असं सांगत परतलेल्या स्वयंसेवकांच्या वागण्यातही, त्यांच्या दानधर्मातही, पुढे फारसा बदल दिसला नाही. 2006 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चर्चच्या वर्तुळात चांगलीच खळबळ उडाली.

मराठी वाचकाने यावर कुत्सित हसायचं कारण नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अख्खा महाराष्ट्र लातूर-उस्मानाबादकडे धावला होता. त्या धावण्यात खोट नव्हती. पण नंतर जी 52 गावं नव्या जागी वसवली, त्यांतल्या अनेकांत सरळ रेषेत आखलेली घरं, रुंद रस्ते आणि चौक आले. गुरं बांधायला जागा नाही, कडबा रचायला जागा नाही, भाऊबंद चार गल्ल्या पलीकडे. आराखडा चांगल्या मनाने काढलेला होता, फक्त तो काढताना वाड्यातली म्हातारी कुठे बसते हे कोणी पाहिलं नव्हतं. पुढे लोकांनी आपापल्या परीने पत्रे ठोकले, पडव्या काढल्या आणि त्या घरांना राहण्याजोगं केलं.

भंडाऱ्याला सेवेकरी यायला लागले ते याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री 1845 मध्ये नागपुरात उतरला. धर्मप्रचाराइतकाच त्याचा जीव दगडांत, जीवाश्मांत आणि गोंडांच्या कथांत रमे. हिस्लॉपाइट या खनिजाला त्याचं नाव आहे, नागपुरातल्या महाविद्यालयालाही. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. त्याच्या पंथाच्या मंडळींनी 1882 मध्ये भंडाऱ्यात ठाणं उघडलं आणि पुढे तिथे दवाखाना, अनाथालय, शाळा उभ्या राहिल्या. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांताची दैना केली, त्या काळात अशा अनाथालयांना काम कमी पडलं नाही.

त्या काळच्या मिशन दवाखान्यांची एक ठरीव रीत असे. सकाळी रोगी जमत, औषध मिळण्याआधी प्रवचन होई, मग चिठ्ठी आणि बाटली. रोगी प्रवचन ऐकून घेत, बाटली घेत आणि घरी जाऊन देवीलाही नारळ फोडत. 1901 च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्याची वस्ती साडेसहा लाखांवर होती आणि ख्रिस्ती मोजके काही शेकडा. वीस वर्षांच्या खटपटीचा हा हिशेब स्कॉटलंडमधल्या देणगीदारांना निराश करणारा वाटला असेल. पण दवाखान्याच्या दारातली गर्दी त्या आकड्यात कुठेच धरलेली नव्हती. बाईमाणसाला डॉक्टरपुढे न्यायचं, ही गोष्टच जिथे नवी होती तिथे ती गर्दी लहानसहान नव्हती.

स्वातंत्र्यानंतर वारं फिरलं. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. परदेशी मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला त्या सरकारने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1956 मध्ये आलेला तिचा अहवाल कडक होता. सेवेच्या आडून धर्मांतर होतं, परदेशी पैशावर लगाम हवा, असा त्याचा सूर. त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा दीक्षा घेणाऱ्यांत हे नियोगीही होते. इतिहासाला कधी कधी अशी गंमत सुचते. मिशनची ठाणी पुढे भारतीय हातांत आली. उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट पंथांना एकत्र आणणारी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 च्या नोव्हेंबरात स्थापन झाली, तीही नागपुरातच.

बाबासाहेबांचं भंडाऱ्याशी नातं दीक्षेच्या आधीपासूनचं. 1954 मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत ते राखीव जागेसाठी उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. निवडणूक हरली, पण जिल्हा त्यांच्या मागे गेला. दीक्षेनंतर गावोगावच्या वस्त्यांनी घरातले देव वैनगंगेत, तलावात सोडले आणि समाजमंदिराच्या जागी विहार बांधायला घेतले. या नव्या बौद्धांपुढे अडचण होती ती शिकवणाऱ्यांची. भिक्खू मोजके, विधी नवे, पुस्तकं दुर्मीळ. लग्न कसं लावायचं, मयताला काय म्हणायचं, हेदेखील विचारून विचारून ठरवावं लागत होतं.

जपानी मंडळी आली ती या पोकळीत. त्यांना विदर्भ अगदीच अनोळखी नव्हता. निचिदात्सु फुजी हे निप्पोनझान म्योहोजी पंथाचे गुरू 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते आणि त्यांच्या शिष्यांमुळे आश्रमाच्या प्रार्थनेत जपानी मंत्राचा समावेश झाला. 1960 च्या दशकात शुरेई ससाई राजगीरमार्गे नागपुरात आले आणि इंदोऱ्यात राहिले ते राहिलेच. मराठी-हिंदी शिकले, वस्तीतल्या घरी जेवले, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं आणि बोधगयेच्या महाविहारासाठीच्या आंदोलनाचे नेते झाले. रामटेकजवळच्या मनसरचं उत्खननही त्यांच्याच खटपटीतून झालं. कामठीला 1999 मध्ये उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस हे नोरिको ओगावा यांच्या देणगीतलं. सहलीच्या बसगाड्या आज तिथे जास्त जातात, ही गोष्ट वेगळी.

पवनीची गोष्ट मात्र उलट्या दिशेने घडली. इथे जपानी माणूस येण्याआधी इथला एक मुलगा जपानला गेला. भदंत संघरत्न माणके लहान वयातच क्योतोजवळच्या हिएइ पर्वतावरच्या एनर्याकुजी मठात दाखल झाले. हा मठ साइचो या आचार्याने 788 मध्ये स्थापन केलेल्या आश्रमातून वाढला. जपानच्या तेंदाई पंथाची ती राजधानी. जपानी बौद्धांतले बहुतेक मोठे पंथ काढणारे आचार्य इथूनच शिकून बाहेर पडले. ओदा नोबुनागाने 1571 मध्ये तो सगळा जाळला आणि भिक्षूंची कत्तल केली, तरी मठ पुन्हा उभा राहिला. आज तो युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. सात वर्षांच्या काळात हजार दिवस डोंगरवाटा तुडवण्याचं व्रत घेणारे भिक्षू याच डोंगरावर असतात. विदर्भाच्या उन्हातून गेलेल्या पोराने त्या बर्फात काय सोसलं असेल, याचा अंदाजच केलेला बरा.

माणके परत आले ते तेंदाई भिक्षू होऊन. त्यांनी पञ्ञा मेत्ता संघ उभा केला, अनाथ आणि गरजू मुलांसाठी निवासाची सोय केली. जपानमधल्या देणगीदारांचा आधार या कामाला मिळत गेला. तेंदाई पंथात 1969 पासून एक समाजकार्याची चळवळ चालते. ज्याने त्याने आपला कोपरा उजळावा, असा तिच्या नावाचा अर्थ. रुयाडचा कोपरा त्या चळवळीच्या नकाशावर आला. इथल्या महाविहाराचं लोकार्पण 2007 च्या फेब्रुवारीत झालं, तेव्हा जपानहून भिक्षू आणि उपासक मोठ्या संख्येने आले होते.

इथे एक प्रश्न कोणीही विचारील. तेंदाई ही महायानाची शाखा. बाबासाहेबांनी दिलेली दीक्षा बावीस प्रतिज्ञांची. तेंदाईच्या देवळांत धूप, घंटा, मंत्र, बोधिसत्त्वांच्या मूर्ती यांची रेलचेल असते. विदर्भातल्या विहारात बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी असतात आणि कर्मकांड म्हटलं की कपाळाला आठी पडते. या दोन्हींचा मेळ पुस्तकात बसवायला गेलं तर अवघड आहे. रुयाडला तो पुस्तकाबाहेर बसवला जातो. महोत्सवात धम्मप्रवचन होतं, भीमगीतं होतात, जपानी पाहुण्यांचे सत्कार होतात, नेतेमंडळी भाषणं ठोकतात आणि पाहुणेही उन्हात बसून ते सगळं ऐकतात. माणके मराठीत बोलतात आणि जपानीतही, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना ते आपले वाटतात. दोन आठवड्यांसाठी येणाऱ्या पाहुण्याला हे जमणं शक्य नव्हतं.

आणि पवनीच का? त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली इथे उत्खनन केलं. गावकरी जिला जगन्नाथ टेकडी म्हणत, तिच्या पोटात विटांचा स्तूप निघाला. त्याचा व्यास सुमारे 41 मीटर भरला; सांचीचा मोठा स्तूप सुमारे 36 मीटरचा आहे. चांदकापूरच्या बाजूच्या टेकडीतही दुसरा स्तूप मिळाला. कठड्याच्या दगडी खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली होती. एका खांबावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे आणि त्याचं नावही शेजारी लिहिलेलं. त्याने ज्याच्यावर फणा धरली तो बुद्ध मात्र मूर्तीरूपात नाही. आसन रिकामं आहे. बुद्धाची मूर्ती घडवायची पद्धत सुरू होण्याच्या आधीचा हा काळ.

खांबांवरची ती नावं राजांची कमी आणि साध्या उपासक-उपासिकांची जास्त. कोणी एक खांब दिला, कोणी एक सूची. थोडक्यात, वर्गणीतून बांधलेलं काम. पवनीतच महाक्षत्रप कुमार रुपिअम्माच्या नावाचा स्मृतिस्तंभही सापडला. या नावात शकांकडच्या परदेशी बोलीचा वास येतो. इतक्या दूरच्या घराण्यातला माणूस वैनगंगेकाठी कसा आणि कशासाठी आला, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. म्हणजे रुयाडला आलेले जपानी उपासक हे पवनीचे पहिले परदेशी पाहुणे नव्हेत. मधल्या काळात काही शतकं खंड पडला, इतकंच.

एवढं सगळं असूनही पवनीचे हे स्तूप पाहायला जाणाऱ्याने फार अपेक्षा ठेवू नये. सांचीसारखं तोरण उभं नाही, चांगली शिल्पं संग्रहालयांत गेली आणि टेकडी आता टेकडीच दिसते. तालुक्याला लोक ओळखतात ते गोसीखुर्द धरणामुळे. राजीव गांधींनी 1988 च्या एप्रिलमध्ये त्याची पायाभरणी केली. पुढची कित्येक दशकं गावं उठत राहिली, मोबदल्याचे खटले चालत राहिले. धरणग्रस्तांच्या नव्या वसाहतींतून फिरताना किल्लारीकडचे ते सरळ रस्ते पुन्हा आठवतात.

आता या सगळ्याच्या अगदी विरुद्ध टोकाचं एक काम. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. 1908 च्या सुमाराच्या गॅझेटियरात इथल्या हजारो तलावांचा उल्लेख आहे. त्यांतला सर्वांत मोठा नवेगाव बांध पाच चौरस मैलांचा आणि सतरा मैल घेराचा. कोलू पाटील कोहळीने तो बांधल्याची कथा सांगतात. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव तिकडे गेलं. गोंड राजांनी कोहळ्यांना इथे आणून वसवलं. जंगल तोडून तलाव बांधील त्याला जमीन, अशी रीत. कोहळ्यांनी दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा हेरून मातीची पाळ घातली, पाणी साठवलं आणि खालच्या बांध्यांत धान आणि ऊस काढला. मालगुजारी 1951 मध्ये गेली, तलाव सरकारच्या हातात आले, आणि ज्याची पाळ त्याची काळजी हा हिशेब मोडला. गाळ साचला, बाजूने अतिक्रमणं झाली, पाटांची दुरुस्ती थांबली.

या तलावांवर पोट भरणारी जात ढिवरांची. त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात आणि रोहू, कतला, मृगळचं बीज सोडतात. मोठा मासा, लवकर वाढणारा, बाजारात भाव. पण बेशरमीने तलाव कोंडत चालले आणि देशी मासे कमी होत गेले. बेशरम ही कुंपणाला लावायची, गुरं तोंड न लावणारी, गुलाबी फुलांची वनस्पती. तीही मिरचीसारखीच अमेरिका खंडातून आलेली. एक पाहुणी पोटात गेली, दुसरीने पाण्याचा घास घेतला. पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या, तशी माशांना अंडी घालायची जागा गेली, आणि पाणपक्ष्यांचं खाणंही गेलं.

मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांनी यात हात घातला. संस्थेच्या नावात ‘अभ्यास’ आहे आणि कामाची सुरुवातही तिथूनच झाली. कोणत्या तलावात पूर्वी कोणता मासा होता, तो कशावर जगायचा, कुठल्या गवतात अंडी घालायचा, हे त्यांनी ढिवर समाजातल्या जाणत्या माणसांना विचारलं. अर्जुनी मोरगावचे पतिराम तुमसरे यांच्यासारखी आयुष्य तलावात घालवलेली माणसं या कामाची मुख्य जाणकार ठरली. कोणत्याही विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राची पदवी दिलेली नव्हती, पण पाण्याच्या कोणत्या खोलीला कोणतं झाड धरतं हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं.

काम तसं सरळ आणि घामाचं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावरची बेशरम मुळासकट उपटायची. मूळ राहिलं तर पावसाळ्यात पुन्हा हजर. उघड्या पडलेल्या तळाचा काही भाग नांगरून मोकळा करायचा. पहिला पाऊस पडला, चिखल झाला की जिथे देशी पाणवनस्पती अजून टिकल्या आहेत अशा तलावातून त्यांची रोपं आणायची आणि धानाच्या रोवणीसारखी चिखलात लावायची. रोवणी म्हटल्यावर बायांना सांगावं लागत नाही. कमरेत वाकून ओळी धरण्यात त्यांचा हात कोण धरणार! तलावाचा कोणता भाग माशांच्या विणीसाठी राखायचा, तिथे जाळं टाकायचं नाही, हे सहकारी संस्थेच्या बैठकीत ठरतं. पुढे देशी मासे परतू लागले आणि पक्षीही दिसू लागले, तसं शेजारच्या गावांच्या संस्थांनी हे काम आपल्या तलावावरही मागायला सुरुवात केली.

या बैठका हे सेवाकार्याचं सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं अंग. छायाचित्रात ते येत नाही. देणगीदाराला दाखवायला त्यात भिंत नाही, फलक नाही. बाप्ये बोलतात, बाया मागे बसतात. मग कोणी तरी एखाद्या मावशीला पुढे बोलावतं, ती पदर तोंडाशी धरून सुरुवात करते आणि पाच मिनिटांत संस्थेच्या हिशेबातली खोट काढून मोकळी होते. ठेका किती, बीज कितीचं, कोणाच्या नावावर उचल. होंडुरासमधल्या दहा दिवसांच्या गटाला अशा बैठकीत बसायची वेळच येत नाही.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ सुरू केली, तिथेही अशीच विचारणा झाली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींना विचारलं. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं, रोग्याला एकटं ठेवतात, नातेवाइकांना हाकलतात, अशी लोकांची तक्रार होती. म्हणून दवाखाना गोंड गावासारखा झोपड्या-झोपड्यांचा झाला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवण्याच्या त्यांच्या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे देशाच्या आरोग्य कार्यक्रमाने ते उचलले. तरुणांसाठीचा त्यांचा ‘निर्माण’ हा उपक्रम 2006 पासून चालू आहे. त्याआधी बाबा आमट्यांनी 1967 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली होती; मे महिन्याच्या रखरखीत उन्हात मुंबई-पुण्याची पोरं तिथे कुदळ घेऊन राबतात. आठ दिवसांत ही पोरं चंद्रपूरचं फार भलं करून जातात असं नाही. बाबांचाही तसा दावा नव्हता. छावणी पोरांसाठी होती. निदान हिशेब साफ होता.

रुयाडवर टीका करायला जागा आहेच. एवढ्या खर्चात किती शाळा झाल्या असत्या, हा प्रश्न पवनीच्या चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतो. त्यावर दुसरा कोणी लगेच म्हणतो, ‘भाऊ, पंढरपूरच्या देवळाचे पैसे मोजता का?’ दोघांचंही चुकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना देवळाच्या पायरीवर थांबवलं, त्या माणसांना आपल्या मालकीचं, डोळे दिपवणारं एक ठिकाण असावं, ही भूकही खरी आहे. शाळेच्या खोल्यांनी ती भागत नाही. आणि ते ठिकाण बांधणाऱ्यांमध्ये त्यांच्यातलाच एक मुलगा आहे. तरीही पैसा जपानचा, श्रद्धा विदर्भाची अशी विभागणी किती काळ चालेल हे सांगता येत नाही. जपानमधली देणगीदार पिढी म्हातारी होत चालली आहे, तिथल्या देवळांनाच वारस मिळेनासे झालेत. उद्या आश्रमाचा आणि मुलांच्या निवासाचा भार इथल्या लोकांनी उचलायचा तर पगारदार झालेल्या बौद्ध मध्यमवर्गाला हात खिशात घालावा लागेल. जगन्नाथ टेकडीच्या खांबांवर नावं कोरून घेणाऱ्यांनी तेच केलं होतं.

कोणाला हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मोसम बघून जावं. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत मंडई भरतात: गोवाऱ्यांच्या ढाली, दंडार, खडी गंमत, आणि रात्रभर चालणारं नाटक. गाव त्या दिवसांत पाहुण्यांनी भरलेलं असतं, त्यामुळे अनोळखी माणसाकडेही कोणी संशयाने बघत नाही. फेब्रुवारीत रुयाड. हवा तेव्हा चांगली असते, आणि तटबंदीवरून वैनगंगाही नीट दिसते. मात्र तलावाचं काम पाहायचं असेल तर ही दोन्ही सोयीची हवामानं सोडावी लागतात. बेशरम उपटतात ती मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना; आणि रोपं लावतात ती मृग लागल्यावर, गुडघाभर चिखलात. कामाला हात लावायचा असेल तर संस्थेच्या बैठकीत आधी जाऊन बसावं, काय करायचं ते विचारावं. बहुतेक वेळा उत्तर मिळतं की पहिले दोन दिवस नुसतं पाहा. कोणतं झाड उपटायचं आणि कोणतं ठेवायचं हे कळल्याशिवाय हात लावू नका.